पंगतीला किती गुण

“नऊ आणि तीन,” शिरीष म्हणाला. “एकाच खेळाला, सर! एक बाई नऊ देते आणि एक माणूस तीन. याला काय म्हणायचं?”

“दोघांनी खेळ खेळून बघितला असं म्हणायचं,” मी म्हणालो आणि चहा बशीत ओतला.

शिरीष देवरेला असली उत्तरं आवडत नाहीत. दहावीला माझ्या वर्गात होता तेव्हाही आवडत नसत. प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली रेघ, असा तो मुलगा. मोठा होऊन त्याने मोबाईलवरचे खेळ काढायची कंपनी उघडली, नाशिकला कॉलेज रोडवर, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर. मी शाळेतून निवृत्त झालो तसं त्याने मला तिथे बोलावून घेतलं. काम एवढंच, की कंपनीचे खेळ बाहेरच्या परीक्षकांना पाठवायचे, त्यांचे अभिप्राय गोळा करायचे आणि गुणांचा तक्ता ठेवायचा. मला स्वतःला मोबाईलवरचा एक खेळ धड येत नव्हता. पण वीस वर्षं मी दहावीच्या मराठीच्या पेपरांचा नियामक होतो. परीक्षकांनी तपासलेले गठ्ठे माझ्याकडे यायचे आणि मी मुलांपेक्षा परीक्षकांनाच जास्त तपासायचो. कोणाचा हात सकाळी सढळ आणि जेवणानंतर आखडता, कोणाला वळणदार अक्षराची भूल पडते, कोण निबंधाला सातावर जातच नाही आणि का जात नाही, हे सगळं माझ्या खाती जमा असे. ती सवय अंगातून जाता जात नाही.

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या सप्टेंबरातली. दिवाळीला कंपनीचा एकच खेळ बाहेर पडणार होता आणि उमेदवार दोन होते. एक ‘घाटातला ट्रक’, भाग चौथा. पहिल्या तिन्ही भागांसारखाच. घाट तेवढा नवा. दुसरा ‘पंगत’. तो रोहिणी आहिररावने केला होता. सटाण्याची मुलगी, वय पंचवीस, वडील लग्नाकार्यातले आचारी. लहानपणापासून वडिलांच्या मागे शंभर मांडव हिंडलेली. तिच्या खेळात खेळणारा माणूस वाढपी असतो. समोर दोन रांगा, पानं मांडलेली, माणसं बसलेली. तुम्ही वाढत जायचं. माणसं म्हणणार “नको”, “बास”, “पुरे हो”. कोणाचं ‘नको’ खरं आणि कोणाचं वरवरचं, ते तुम्ही ओळखायचं. खऱ्या ‘नको’वर वाढलंत तर अन्न पानात टाकलं जातं. खोट्या ‘नको’वर थांबलात तर माणूस अर्धपोटी उठतो, आणि तेही न बोलता. खेळात घड्याळ नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. शेवटी हात धुताना माणसं आपसांत काय बोलतात, तेवढं तुम्हाला ऐकू येतं. बस.

“गुणच नाहीत?” शिरीषने तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“पंगतीत असतात का, शिरीषदादा?”

“अगं, पण माणसाला कळणार कसं, आपण कितपत बरे आहोत ते?”

“नाहीच कळत ना कोणाला,” ती म्हणाली होती.

शिरीष भ्याला होता, त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी त्याने स्वतःच्या आवडीने एक खेळ काढला होता, धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचा. तो दोघांनी खेळला. एक त्याची बायको आणि दुसरे एक निवृत्त इंजिनीअर, जे रोज फोन करून दरवाजांच्या चुका सांगायचे. त्यानंतर शिरीषने भिंतीवरच्या फळ्यावर नियम लिहिला: ‘बाहेरचे तीन परीक्षक. सरासरी सात. त्याखाली काही निघणार नाही.’ खाली रेघ.

ट्रकला तिघांनीही सात दिले होते. पंगतीला नागपूरच्या बाईंनी नऊ, पुण्याच्या गृहस्थांनी तीन. तिसरे परीक्षक, ठाण्याचे पराग टिपणीस, स्वतः येणार होते. दुसऱ्याचा खेळ स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही असा त्यांचा दंडक होता. ट्रकच्या वेळी ते आले तेव्हा मी रजेवर होतो. सरासरी सात व्हायची तर पंगतीला त्यांनी नऊ द्यायला हवे होते. टिपणीसांनी आधीच्या चार वर्षांत आमच्या कुठल्याच खेळाला आठावर दिले नव्हते. तक्ता माझ्याकडेच होता.

आणि रोहिणीच्या पर्समध्ये हैदराबादच्या एका बँकेच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. होय की नाही ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पंगत निघाली तर ती राहणार, नाही तर जाणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिचे वडील, भास्करनाना, त्यासाठीच सकाळच्या गाडीने सटाण्याहून आले होते. पांढरा सदरा, टोपी, हाताला भाजल्याच्या जुन्या खुणा. “मी काही बोलायला नाही आलो सर,” ते मला म्हणाले. “पोरीने हो लिहिलं का नाही लिहिलं, तेव्हा जवळ कोणी असलेलं बरं.”

टिपणीस दहाला आले. चाळिशीचे, किरकोळ, खांद्याला झोळी. चहा विचारला, नको म्हणाले. पाणी विचारलं, स्वतःची बाटली दाखवली.

“कंपनीचं मी काही घेत नाही,” ते म्हणाले. “नियम आहे. मागे एकाने मला बर्फी खिलवली आणि त्या खेळाला माझ्या हातून साडेसात गेले. अजून पश्चात्ताप होतो.”

मला माणूस एकदम पटला.

ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, आमचा फोन हातात, वही शेजारी. समोरच्याच्या वहीतलं उलटं वाचता येणं ही नियामकाची कमाई. मी कागद लावण्याचं निमित्त करून समोर बसलो. पहिली पंगत सुरू झाली. टिपणीस नेटके वाढत होते. मीठ, लिंबू, चटणी जागच्या जागी. मग वाढप सुरू झालं आणि पाहुणे “नको” म्हणू लागले. टिपणीस लगेच थांबले. पुढचा “बास” म्हणाला. टिपणीस पुढे गेले. वीस मिनिटांत सगळी पंगत अर्धपोटी उठून हात धुवायला गेली, आणि फोनमधली एक म्हातारी बाई दुसरीला म्हणाली, “मुलगा सरळ आहे गं, पण घरी कोणी शिकवलेलं दिसत नाही.”

टिपणीसांचे कान लाल झाले. दुसरी पंगत, तीच गत. तिसऱ्या पंगतीत चिडून त्यांनी सरसकट सगळ्यांना वाढलं, तर निम्मी पानं टाकलेली. त्यांनी पेन उचललं. मी उलटं वाचलं: ‘माणूस नको म्हणतो आणि खेळ त्याला वाढायला लावतो. असभ्य. मनमानी. नियम सांगितलेला नाही.’ आणि बाजूला, गोलात, चार.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथे रोहिणी उभी होती.

“किती?” तिने विचारलं.

“अजून पूर्ण खेळले नाहीत.”

“सर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

“चार,” मी म्हणालो.

तिने पर्स उचलून छातीशी धरली. “तो माणूस मठ्ठ आहे,” ती म्हणाली. “पुण्याचा तोही मठ्ठ होता.”

नाना मागे स्टुलावर बसले होते. “पाहुणा उपाशी उठला की पाहुणा मठ्ठ असतो व्हय?” ते म्हणाले. “तो वाढप्याने केलेला घोटाळा असतो, बाई.”

“नाना, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?”

“जो उपाशी उठला त्याच्या.”

एक वाजला. आमच्याकडे जेवण मोठ्या टेबलावर, वर्तमानपत्रं अंथरून, सगळ्यांचे डबे मधोमध उघडून. सात-आठ माणसं. टिपणीसांना तिकडे बोलावलं तर ते टेबलाच्या टोकाला बसले, पण झोळीतून स्वतःचा डबा काढून. शेजारी जागा होती तिथे नाना बसले. त्यांनी आपली बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा सोडला आणि पहिल्यांदा शेजाऱ्याकडे केला. “घ्या साहेब. खलबत्त्यातला आहे.”

“नको,” टिपणीस म्हणाले आणि आपला डबा स्वतःकडे ओढून घेतला.

“बरं,” नाना म्हणाले आणि जेवायला लागले.

रोहिणीने मला कोपर मारलं. तिला वाटलं असणार, नानांनी आग्रह करायला हवा होता. मला मात्र दिसलं, की म्हाताऱ्याने माणसाकडे न बघता फक्त डब्याकडे बघितलं होतं.

टिपणीसांच्या डब्यात वालाचं बिरडं होतं. झाकण उघडलं तसा वास टेबलभर गेला आणि शिरीषसकट सगळ्यांनी मान वळवली. टिपणीसांच्या चेहऱ्यावर तोवर न दिसलेलं काहीतरी आलं.

“आईने केलंय,” ते म्हणाले. “वाल काल रात्री सोललेत. पंचाहत्तरीची आहे, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. घ्या ना, नाना.”

“नको, नको, साहेब.”

टिपणीसांनी चमचाभर बिरडं नानांच्या भाकरीवर घातलं.

नानांनी चाखलं, डोळे मिटले. “वा. मोड बरोबर आलेत. नारळ कमी नाही, जास्त नाही.”

“मग घ्या की आणखी.”

“नको हो. पोट भरलं. प्रवासातनं आलोय, बाधेल.”

टिपणीसांनी दुसरा चमचा घातला, चांगला शिगोशीग. नाना “अहो, अहो, तुम्हाला राहू द्या” म्हणेपर्यंत तिसराही भाकरीच्या कडेला येऊन पोचला.

“टिपणीस सर,” रोहिणी म्हणाली. आवाज इतका गोड, की मला भीतीच वाटली. “ते नको म्हणत होते.”

“अहो, म्हणतातच माणसं तसं,” टिपणीस म्हणाले. “मनातून हवं होतं त्यांना.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? दिसतं की! हात आडवा धरला, पण बोटांत ही एवढी फट. भाकरी जिथल्या तिथे. आणि बघत होते डब्याकडे. ज्याला खरंच नको असतं तो ताट आधी मागे…”

आणि टिपणीस थांबले. चमचा हवेत. त्यांच्या डोळ्यांपुढून सकाळच्या तीन पंगती एकापाठोपाठ एक उठून गेलेल्या मला दिसल्या म्हटलं तरी चालेल. टेबलावर कोणी चावतसुद्धा नव्हतं.

“बोटं,” टिपणीस म्हणाले. “त्या खेळात माणसांची बोटं काढली आहेत का?”

“दोनशे चाळीस माणसांची,” रोहिणी म्हणाली. “प्रत्येकाची वेगळी.”

“आणि मी नुसता तोंडाकडे बघत होतो!”

पहिले हसले ते टिपणीसच. मग नाना, मग सगळं टेबल. ड्रायव्हिंग स्कूलवाले खालून वर बघायला आले, काय झालं म्हणून. नानांनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही तर पक्के वाढपी. तुम्हाला आधी पानावर बसवायचं सोडून हिने एकदम वाढायलाच उभं केलं.”

रोहिणी हसता हसता पुढे सरकली. मग तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि तळहातावर लिहिलं: ‘पहिली पंगत: खेळणारा जेवायला बसणार.’ वडिलांचं तिने त्यानंतर कितीदा ऐकलं ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील, पण ते एक मात्र तिने तिथल्या तिथे ऐकलं.

टिपणीस डबा अर्धवट टाकून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पळाले. दोन वाजले, तीन वाजले. मधूनच ते ओरडायचे, “काका, खोटं बोलताय तुम्ही!” आणि पोळीवर तुपाची धार सोडायचे. एका लाजऱ्या नव्या सुनेने पाच वेळा नको म्हटलं आणि सहाव्यांदा पान पुढे केलं, तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. पाचला त्यांनी वहीतला चार खोडला. बराच वेळ पेन टेकवून बसले. मग आठ लिहिला.

“आठ?” रोहिणी म्हणाली. ती आता उघडपणे पाठीशी उभी होती. “दोन कुठे गेले?”

“एक, तुमच्या पंगतीत बिरडं नाही. दुसरा, मला दुपारभर भूक लागली.”

“ही काय कारणं झाली?”

“माझी आहेत,” टिपणीस म्हणाले. “दुसऱ्याची कुठून आणू?”

शिरीष फळ्यापाशी गेला. नऊ, तीन, आठ. वीस भागिले तीन. त्याने खडूने मांडलं: सहा पूर्णांक सहासष्ट. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी.

“सर,” तो हळूच म्हणाला, “वर नेले तर सात होतात. नियामकाला तेवढा अधिकार असतो ना?”

होता. एका गुणाने अडलेल्या कितीतरी पोरांना मी तो वापरून काठावर ओढलेलं आहे. रोहिणीचा हात पर्सवर होता. नाना खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांना बाहेर काही बघायचं नव्हतं.

“नाही नेणार,” मी म्हणालो.

कोणीतरी “सर!” म्हणालं. बहुतेक टिपणीसच.

“वर नेले तर खेळ मी काढला असं होईल. कंपनी तुझी आहे. मला सांग, ट्रकबद्दल तिघांनी काय लिहिलंय?”

शिरीषने कागद चाळले. “‘ठीक आहे.’ ‘चांगला आहे, ठीक.’ आणि तिसरं… तिसऱ्यांनी नुसता आकडाच लिहिलाय.”

“तिसरा मी,” टिपणीस म्हणाले. “मला आत्ता आठवतही नाही तो खेळ.”

“आणि पंगतीबद्दल?”

“नागपूरच्या बाईंची चार पानं आहेत. त्यांच्या मावशीबद्दलच जास्त. आणि पुण्याच्या गृहस्थांची…” त्याने मोजली. “पाच.”

“तीन गुण देणाऱ्याने पाच पानं लिहिली, शिरीष. वीस वर्षांत सात-सात-सातचा एकही पेपर मी उघडून वाचला नाही. मार्गदर्शक पुस्तकातलंच उतरवलेलं असायचं. नऊ आणि तीनचे तेवढे घरी नेऊन वाचायचो. आता हे सांग, तुझे गुण कुठे आहेत?”

“माझे? मी मालक आहे.”

“मालकाला बोटं नसतात का? तुला कसा वाटला खेळ?”

शिरीषने फळ्याकडे तोंड फिरवलं. खडू या हातातून त्या हातात. शेवटी म्हणाला, “मी खेळलो नाही.”

“काय?” रोहिणी ओरडली. “दोन महिने झाले तुमच्याकडे देऊन!”

“पहिली पंगत बघितली. मग बंद केला.”

“का?”

“आवडला तर काय करू, म्हणून,” शिरीष म्हणाला. त्याचा आवाज एकदम दहावीतला झाला होता. “धरणाचा मला फार आवडला होता, रोहिणी.”

हे मात्र माझ्या कुठल्याच खाती नव्हतं. मी समजत होतो, की पोराला सरासरीचा सोस आहे. तो बिचारा स्वतःच्या आवडीला भिऊन तिघांच्या मागे दडला होता.

टिपणीस उठले, खुर्ची रिकामी केली आणि फोन त्याच्यापुढे धरला. “बसा देवरे. आणि तोंडाकडे बघू नका.”

शिरीष बसला. एक तास आम्ही सगळे त्याच्या मागे उभे. इतका वाईट वाढपी मी आयुष्यात पाहिला नाही. मठ्ठा सांडला. वरण आणायचं विसरला. एका तालेवार म्हाताऱ्याला त्याने सात जिलब्या वाढल्या आणि तो खरोखरच नको म्हणत होता. टिपणीस कपाळ बडवत होते, नाना “असू दे, असू दे, हात बसेल” म्हणत होते आणि शिरीष हसून हसून खोकत होता. त्याला मी शाळेतही असा हसताना पाहिलं नव्हतं.

फोन खाली ठेवून त्याने विचारलं, “सर, सात व्हायला माझे किती लागतात?”

“चौघांत अठ्ठावीस. तुझे आठ.”

तो फळ्याशी गेला. रोहिणीने डोळे मिटून घेतले. शिरीषने आठाच्या खाली सहा लिहिला. मग ओला फडका घेऊन वरचा नियम, रेघेसकट, पुसून टाकला.

“मला जमत नाही हा खेळ, मी सहाच देणार,” तो म्हणाला. “पण दिवाळीला हाच निघणार. ट्रक उन्हाळ्यात.”

पुढचं सांगून टाकतो, कारण ते छापून आलेलंच आहे. पंगत त्या दिवाळीला निघाली आणि लोक तिच्यावरून आजतागायत भांडतात. निम्मे म्हणतात, हा खेळच नव्हे. निम्मे म्हणतात, बाकीच्यांना जेवायची रीत ठाऊक नाही. कंपनीने त्यानंतर अशी आणखी सहा-सात धाडसं केली. दोन बुडाली, बाकीची तरली. हैदराबादचं पत्र नानांनी त्या संध्याकाळी घडी घालून खिशात ठेवलं आणि परतीच्या गाडीत त्याच्यावर शेंगदाणे खाल्ले, असं त्यांनीच मला सांगितलं.

पण त्या क्षणी ऑफिसात आनंदीआनंद झाला असं कोणी समजू नये. शिरीषने फडका खाली ठेवला, टाळ्या वाजल्या, नानांनी टोपी नीट केली, आणि रोहिणी ताडताड फळ्यापाशी आली.

“सहा का?” ती म्हणाली.

“अगं, निघतोय ना तुझा खेळ!” नाना म्हणाले.

“तो निघू दे. सहा का ते आधी सांगा. जिलबी वाढता आली नाही तर तो माझा दोष?”

“माझं मत आहे ते,” शिरीष म्हणाला.

“चुकीचं आहे!”

“मत चुकीचं कसं असेल?”

टिपणीस झोळी खांद्याला लावून दारापर्यंत पोचले होते. साडेसहाची ठाण्याची बस होती त्यांची. ते तिथेच थांबले, घड्याळाकडे बघितलं, मग फळ्याकडे बघितलं, आणि झोळी काढून पुन्हा टेबलावर ठेवली.

“देवरे, सहा मलाही मान्य नाहीत,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “आणि हो, इतका वेळ झाला, कोणी चहा सांगेल का?”